सातबारा, इशिहारा आणि पर्सेंटाइल

वास्तुकलेच्या पदवीसाठी द्याव्या लागणाऱ्या ‘नाटा’ परीक्षेचा पहिला भाग कागद-पेन्सिलीचा असतो. दीड तास, तीन प्रश्न, ८० गुण. पहिल्यात रंगसंगती, दुसऱ्यात काळ्या-पांढऱ्यात रेखाटायचा प्रसंग. तिसऱ्यासाठी प्रत्येकाच्या हाती एक किट येतं. त्यातलं साहित्य वापरून, सांगितलेल्या परिस्थितीला शोभेल अशी त्रिमित रचना करून दाखवायची. एकट्या या प्रश्नाला ३० गुण आहेत. दोन वर्षं क्लासमध्ये चारांतला एक पर्याय निवडण्याचा सराव केलेल्या मुलाला इथे पर्यायच सापडत नाहीत. त्याच मोसमात त्यानं एमएचटी-सीईटीही दिलेली असते, संगणकासमोर बसून. तिथे हाताला काम एवढंच, माऊस हलवणं.

बारावीनंतरच्या व्यावसायिक पदव्यांची माहितीपुस्तिका उघडली की ‘पात्रता’ हे प्रकरण बहुतेक पालक घाईत वाचतात. किती टक्के लागतात, कुठली परीक्षा, फॉर्मची शेवटची तारीख कधी, एवढं बघून पान उलटलं जातं. सावकाश वाचलं तर मात्र हेच पुस्तिकेतलं सगळ्यात बोलकं प्रकरण ठरतं. जे शिकवायला आमच्याकडे वेळ नाही किंवा जे शिकवून येतच नाही ते घरून घेऊन या, असं प्रत्येक अट सांगत असते. कुणी भौतिकशास्त्र मागतं, कुणी चित्रकलेचा हात, कुणी निर्दोष नजर, तर कुणी सातबाऱ्याचा उतारा. यातली कुठली मागणी रास्त आणि कुठली नुसती जुनी सवय म्हणून राहिलेली, याचा निवाडा गेल्या दहा-बारा वर्षांत कधी न्यायालयांनी केला आहे, तर कधी रिकाम्या जागांनी.

विषयांचं कुंपण

सगळ्यात जुनी आणि ओळखीची अट विषयांची. अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य, तिसरा विषय दिलेल्या यादीतला, आणि या विषयांत मिळून किमान ४५ टक्के. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ४० टक्के. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं हे कुंपण सैल करायचं ठरवलं. विषयांची लांबलचक यादी देऊन त्यातले कुठलेही तीन चालतील आणि उरलेलं सेतू अभ्यासक्रमातून भरून काढता येईल, असा प्रस्ताव नियमपुस्तिकेत आला. त्यावर गदारोळ झाला. पहिल्या सत्रात ‘एम-वन’ शिकवणाऱ्या प्राध्यापकांना यातला धोका समजावून सांगायची गरज नव्हती. बारावीत गणित करून आलेल्यांनाही त्या पेपरची केटी लागते, मग गणित सोडून आलेल्यांचं काय होणार? परिषदेनं खुलासा केला की ही सक्ती नाही, राज्यांनी आणि विद्यापीठांनी आपापलं ठरवावं. पुढच्या वर्षी भौतिक-रसायन-गणित या त्रिकुटाची सक्ती नसलेले अभ्यासक्रम तीनच उरले: वास्तुकला, फॅशन तंत्रज्ञान आणि पॅकेजिंग तंत्रज्ञान.

या यादीत वास्तुकला असण्यात एक गंमत आहे. वास्तुकलेच्या शिक्षणात तंत्रशिक्षण परिषदेचा शब्द चालतच नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्येच सांगून टाकलं होतं, आणि तो खटला कोल्हापूरचा होता. श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊसच्या वास्तुकला महाविद्यालयासमोर पेच होता तो दोन धन्यांचा. एक तंत्रशिक्षण परिषद, दुसरी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानं स्थापन झालेली वास्तुकला परिषद. दोघींचे नियम जुळले नाहीत तर कुणाचे पाळायचे? न्यायालयानं वास्तुकला परिषदेच्या बाजूनं कौल दिला. या परिषदेनं पूर्वीची भौतिक, रसायन, गणित ही तिहेरी अट पुढे सैल केली. भौतिकशास्त्र आणि गणित ठेवलं. तिसरा विषय रसायनशास्त्राऐवजी जीवशास्त्र, संगणकशास्त्र, तांत्रिक विषय किंवा व्यवसाय अभ्यासही चालतो. तुळईवर किती भार येईल हे काढायला गणित लागतं. सेंद्रिय रसायनशास्त्रावाचून मात्र आजवर कुठली इमारत कोसळलेली नाही.

याच्या उलट टोकाला पवईचं उदाहरण आहे. आयआयटी मुंबईत अभियंता व्हायचं तर जेईई ॲडव्हान्स्डला पर्याय नाही. त्याच आवारात १९६९ मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक डिझाइनच्या केंद्रात मात्र बारावी कला किंवा वाणिज्य शाखेतून केलेली मुलगी बी.डेस.ला बसू शकते. तिच्यासाठी २०१५ पासून ‘यूसीड’ ही वेगळी परीक्षा आहे. तिच्यात आकृत्या मनातल्या मनात फिरवून बघाव्या लागतात, वस्तूंचं निरीक्षण तपासलं जातं आणि एका भागात प्रत्यक्ष चित्र काढावं लागतं. तिनं बारावीला कुठले विषय घेतले याच्याशी या केंद्राला काही देणंघेणं नाही.

हात आणि रंगमंच

हाताची परीक्षा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ चं, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याच वयाचं. ललित कलेच्या पदवीसाठी राज्याची जी सीईटी आहे तिच्यात संकल्पचित्र, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र अशा प्रात्यक्षिक परीक्षा होतात, जोडीला सामान्यज्ञानाचा पेपर. ही नावं वाचून कुणालाही शाळेतली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट आठवावी. कला संचालनालयाच्या या परीक्षांनी किती पिढ्यांकडून मडकं, लोटा आणि शेजारी पसरलेला चुरगळलेला फडका काढून घेतला आहे! इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला सात, पाच किंवा तीन वाढीव गुण मिळतात, त्यामुळे चित्रकलेशी फारसं सख्य नसलेली मुलंही या परीक्षेला बसतात. पण ज्या शाळेत कलाशिक्षकच नाही तिथल्या मुलाला ही शिडी मिळत नाही. त्याचा हात कितीही चांगला असला तरी परीक्षेत ‘संकल्पचित्र’ म्हणून नेमकं काय मागतात हे त्याला तिथे जाऊनच कळतं.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची अट याहून निराळी. तिथे पदवीधर असणं पुरत नाही, किमान सहा नाट्यप्रयोगांत काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. बाहेरून बघणाऱ्याला हे जाचक वाटेल. मराठी मुलांना मात्र ही अट फारशी अवघड जाऊ नये. कॉलेजच्या पाच वर्षांत पुरुषोत्तम करंडक आणि गावोगावच्या एकांकिका स्पर्धा करणाऱ्याचे सहा प्रयोग कधी झाले हे त्यालाही कळत नाही. नाटकाची ओढ खरी आहे का, हे विद्यालय लेखी परीक्षेत विचारत बसत नाही. आधी काय केलंस ते दाखव, म्हणतं.

शरीराची अट

ठिपक्यांनी भरलेलं एक वर्तुळ असतं. तांबूस, हिरवट, पिवळसर ठिपके, लहानमोठे. सामान्य नजरेला त्यात एक अंक दिसतो. रंगांधळ्या माणसाला दुसराच दिसतो किंवा काहीच दिसत नाही. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी ही चाचणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून तिनं जगभरातल्या असंख्य तरुणांची वाट अडवली आहे.

नवी मुंबईत खाडीकाठी असलेल्या ‘चाणक्य’ संस्थेत नौकानयनाची पदवी मिळते. मुंबई बंदरात १९२७ पासून उभ्या असलेल्या ‘डफरिन’ आणि नंतरच्या ‘राजेंद्र’ या प्रशिक्षण जहाजांचा वारसा तिच्याकडे आलेला आहे. बारावीला भौतिक, रसायन, गणितात सरासरी ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के ही तिथली शैक्षणिक अट. त्यापुढे वैद्यकीय तपासणी असते. डेकवर जाणाऱ्याची दूरची नजर चष्म्याशिवाय चांगली हवी आणि रंग ओळखता यायला हवेत. इथे इशिहाराच्या ठिपक्यांशी वाद घालता येत नाही. रात्री समुद्रात समोरून येणाऱ्या जहाजाच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. ते जहाज कुठल्या दिशेनं चाललंय हे त्या दोन दिव्यांवरून ओळखायचं असतं. लाल आणि हिरव्यात ज्याची गल्लत होते त्याच्या हाती सुकाणू देणं म्हणजे सगळ्यांचाच जीव धोक्यात घालणं.

तेच ठिपके पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर आले तेव्हा मात्र गोष्ट निराळी झाली. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये सुरू झालेल्या चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत २०१५ मध्ये पाटण्याच्या एका तरुणाची संकलनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी निवड झाली, आणि वैद्यकीय तपासणीत तो रंगांधळा निघाला म्हणून प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात त्याची याचिका फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटक्षेत्रातल्या जाणकारांना घेऊन एक समिती नेमली. समितीनं अभ्यासक्रम तपासला तेव्हा संकलनाच्या शिक्षणात रंगांचं काम येतं कुठे, तर कलर ग्रेडिंगच्या अवघ्या वीस मिनिटांच्या एका घटकात. त्या वीस मिनिटांपायी तीन वर्षांचं दार बंद होतं. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की रंगांधळ्या व्यक्तींना संस्थेच्या कुठल्याही अभ्यासक्रमात प्रवेश नाकारता येणार नाही. चित्रपट ही अनेकांनी मिळून करायची कला आहे, एखाद्याची उणीव दुसरा भरून काढतो, असा त्यामागचा विचार होता.

वैद्यकीय शिक्षणातही गेल्या दोन-तीन वर्षांत हेच मंथन चाललं आहे. वाचादोषाचं प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक म्हणून अपात्र ठरवल्या गेलेल्या महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रमाणपत्रावरचा आकडा बघून कुणाला परत पाठवता येणार नाही. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे अपंगत्व तपासणाऱ्या मंडळानं प्रत्यक्ष बघायला हवं. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘दोन्ही हात शाबूत हवेत’ या अटीलाच न्यायालयानं धारेवर धरलं. शल्यविशारदाला हात लागतात. मनोविकारतज्ज्ञाला किंवा क्ष-किरणतज्ज्ञाला ते त्याच अर्थानं लागतात का? पदवी एकच असली तरी पुढे तिला पन्नास वाटा फुटतात, हे अट लिहिणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तर अर्ध्या लोकसंख्येचं शरीरच अपात्र होतं. ऑगस्ट २०२१ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानं मुलींना परीक्षेला बसू दिलं. २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली दीक्षान्त संचलनात चालल्या.

कागदांची चळत

महाराष्ट्रात प्रवेशाची निम्मी लढाई परीक्षेच्या हॉलबाहेर होते. डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे जात वैधता. ओबीसी उमेदवाराला १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा, तर अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. पणजोबांचं नाव असलेली शाळेची नोंद, वंशावळ, कोतवाल बुकातला उतारा. नोंद मोडीत असली की ती वाचून देणारा माणूस शोधायचा. निकालाच्या दिवशी मुलगा पर्सेंटाइल बघत असतो आणि वडील जात पडताळणी समितीच्या कार्यालयात प्रकरण कुठल्या टेबलावर अडलंय ते.

कुठल्या मातीतले आहात, हाही एक निकष आहे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, महाराष्ट्राचे उमेदवार ‘ए’पासून ‘ई’पर्यंतच्या प्रकारांत मोडतात. इथेच राहून शिकलेला तो ‘ए’. आई किंवा वडील इथले रहिवासी पण शिक्षण बाहेर, तो ‘बी’. केंद्राच्या आणि राज्याच्या कर्मचाऱ्यांची मुलं ‘सी’ आणि ‘डी’. शेवटचा ‘ई’ हा प्रकार सगळ्यांत वेगळा: महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातून दहावी-बारावी झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला उमेदवार. राज्य पुनर्रचनेपासून न सुटलेला बेळगावचा प्रश्न अभियांत्रिकीच्या फॉर्ममध्ये एक अक्षर होऊन बसला आहे.

राज्याच्या आतही मातीचा हिशेब होताच. वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के राज्यभरातल्यांना, हे सूत्र अनेक वर्षं चाललं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा तीन वाटण्या होत्या. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालयं कमी, म्हणून तिथल्या मुलांना चढाओढ अधिक. लातूर पॅटर्नवर चांगले गुण मिळवलेला मुलगा घरापासून लांब गेला की मागे पडायचा. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं ही अट रद्द केली, तेव्हा मराठवाड्यात समाधान होतं आणि इतरत्र धाकधूक.

आणि सातबारा. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी या चार कृषी विद्यापीठांच्या पदवीला कुटुंबाच्या नावावर शेतजमीन असलेल्या उमेदवाराला गुणवत्ता यादीत अधिभार मिळत आला आहे. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा कृषी पदवीधर होऊन बांधावर परत जाईल, ही त्यामागची अपेक्षा. ज्यानं लहानपणी बैलांमागे औत धरलंय त्याला मातीचा वाफसा पुस्तकातून समजावून द्यावा लागत नाही, हे खरंच. पण उताऱ्यावर नाव असलं म्हणजे शेतात पाय असतोच असं नाही. पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाचं नाव आजोबांच्या चार एकरांवर असतं, आणि दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या घरातल्या मुलीकडे उताराच नसतो.

सगळ्यांना एकच आकडा

या सगळ्या वेगवेगळ्या अटींवर आता एका आकड्याची सावली पडली आहे. वैद्यकीय प्रवेशासाठीची ‘नीट’ २०१३ मध्ये आली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला. त्या वर्षी महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यासाठी सीईटीच चालली, कारण केंद्रानं वटहुकूम काढून एका वर्षाची सूट दिली होती. आज नीट मराठीसह १३ भाषांत देता येते. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक गुण वजा. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक मुलं बसली. पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी मिळाले. मग काहींना दिलेले वाढीव गुण रद्द झाले, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचं उत्तर आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतलं गेलं, आणि शेवटी पैकीच्या पैकीवाले १७ उरले. एका प्रश्नानं यादीचं वरचं टोकच बदलून गेलं.

हा आकडा खालून किती ठिसूळ आहे हे पदव्युत्तर प्रवेशानं दाखवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये एम.डी., एम.एस.च्या जागा रिकाम्या राहू लागल्या म्हणून पात्रतेची पर्सेंटाइल शून्यावर आणली गेली. परीक्षा दिली एवढं पुरे. उणे गुण मिळालेलाही कागदोपत्री पात्र. निम्म्या मुलांना वगळणारी अट जागा भरण्यासाठी शून्यावर येऊ शकत असेल, तर ती डॉक्टर होण्याच्या क्षमतेचं मोजमाप नव्हती. उमेदवार आणि जागा यांच्या गुणोत्तराचं होती.

कायद्याच्या शिक्षणात वयाचा खेळ झाला. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ३० वर्षांची वरची मर्यादा होती. २०१३ मध्ये ती मागे घेतली गेली, २०१६ मध्ये परत आली, मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. त्यामुळे आजही निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांच्या नातवाच्या वयाची मुलं एकाच वर्गात करार कायदा शिकताना दिसतात.

अलीकडची आणखी एक गोष्ट बीबीए-बीसीएची. २०२४ मध्ये हे अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेच्या छत्राखाली आले आणि महाराष्ट्रानं त्यांना सीईटी लावली. राज्यात जागा सुमारे १,०८,०००. मे महिन्यातली पहिली सीईटी दिलेले सुमारे ४८,०००. ऑगस्टमध्ये जादा सीईटी घ्यावी लागली. तोवर कितीतरी महाविद्यालयांनी त्याच विषयांचे, त्याच शिक्षकांचे अभ्यासक्रम बी.कॉम.च्या नव्या नावांनी सुरू केले होते. त्यांना सीईटी लागू नव्हती. मुलांनी दोन्ही माहितीपत्रकं शेजारी ठेवली आणि रांग कुठे लावायची ते ठरवलं. या परीक्षेनं व्यवस्थापन शिकायला लागणारं असं कुठलं कसब तपासलं, हे ना मुलांना सांगता येत होतं ना महाविद्यालयांना.

नाटाचा दुसरा भाग संगणकावर असतो, १२० गुणांचा. प्रश्नपत्रिका प्रत्येकाची निराळी, कारण एक उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न जरा अवघड येतो आणि चुकलं तर सोपा. राज्याच्या गुणवत्ता यादीत नाटाला निम्मं वजन आणि बारावीच्या गुणांना निम्मं. जूनमध्ये कॅपचं संकेतस्थळ उघडतं तेव्हा ती दीड तासात रचलेली आकृती, बारावीचा भौतिकशास्त्राचा पेपर, वडिलांचं डोमिसाइल आणि समितीकडून आलेलं किंवा न आलेलं वैधता प्रमाणपत्र, या सगळ्यांचा मिळून यादीत एक क्रमांक पडलेला असतो.